नारळ, तांब्या आणि ३१ फ्रेम

गेले दोन महिने इथे शुकशुकाट आहे, असं दोघातिघांनी फोन करून कळवलं. (एका काकूंनी तर "बरी आहेस ना गं?" असंही विचारलं. बरी आहे!) कारण एक व्हीएचएस कॅसेट. रोज रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी आणि ती कॅसेट. तिच्यातली ८७ मिनिटं बाहेर काढायची आणि सगळ्यांच्या टीव्हीवर-फोनवर चालतील अशी करायची, एवढंच काम होतं. ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही कुणी सांगितलं असतं तर सोपंच वाटलं असतं.

सगळं काम मुक्त सॉफ्टवेअरवर झालं, एक रुपयाचाही परवाना न घेता. प्रत्येकाच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असतेच, म्हणून जरा सविस्तर लिहून ठेवते. नातेवाइकांनी तांत्रिक भाग ओलांडून पुढे जायला हरकत नाही, पण मध्ये मध्ये आजी आहे, तेव्हा फार लांब उडी मारू नका.

कॅसेट कुंभारीची. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की शहर संपल्यावर दहा-बारा किलोमीटरच्या आत कुंभारी येतं, दक्षिण सोलापूर तालुक्यात. ज्यांना गाव म्हणून कुंभारी माहीत नाही त्यांना 'विडी घरकुल' नक्की माहीत असतं. कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत, विडी कामगार बायकांसाठी बांधलेली. नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेने ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरली होती. थोडे पैसे केंद्राचे, थोडे राज्याचे आणि उरलेला वाटा त्या बाईचा स्वतःचा. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. (आता त्याच कुंभारीत रे नगर म्हणून तीस हजार घरांची आणखी मोठी योजना आहे, त्यातली पहिली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. पण ती गोष्ट वेगळी.)

त्या पहिल्या दहा हजारांत एक घर माझ्या मावशीचं. त्याआधी ती सोलापूरच्या पूर्वभागात एका खोलीत भाड्याने राहायची. शेजारी यंत्रमाग, भिंतीला भिंत लागून. खोलीत मावशी, काका, दोन मुलं, आजी, आणि कोपऱ्यात विडीचा पाला भिजवलेला. तिथून उठून ती कुंभारीच्या स्वतःच्या घरात आली ती २००६ च्या दसऱ्याला, २ ऑक्टोबरला. पूजा घातली, नारळ फोडला, पन्नासेक माणसं जेवली. आणि काकांनी हौसेने व्हिडिओ शूटिंगवाला सांगितला होता! लग्नात खांद्यावर मोठा कॅमेरा घेऊन फिरतात तसला, मागे हॅलोजन धरायला एक पोरगा.

त्या शूटिंगवाल्याने पुढे दोन व्हीसीडी करून दिल्या आणि मूळ कॅसेटही दिली. घरात व्हीसीआर नव्हता, सीडी प्लेअर होता, त्यामुळे कॅसेट ट्रंकेत गेली आणि सीड्या फिरत राहिल्या. इतक्या फिरल्या की दुसरी सीडी आता कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. याला एक कारण आहे. व्हीसीडीमध्ये चित्रासाठी जास्त जागा मिळावी म्हणून प्रत्येक सेक्टरमधली चूक-दुरुस्तीची जादा माहिती काढून टाकलेली असते. साध्या डेटा सीडीवर ओरखडा आला तर त्या माहितीच्या आधारे मजकूर परत जुळवता येतो, व्हीसीडीला तो आधारच नाही. शिवाय चित्र ३५२ बाय २८८ चं, म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या निम्म्या रेषा नि निम्मी रुंदी. पहिल्या सीडीत आजीचा चेहरा दिसतो, पण तो ओळखीच्या माणसालाच आजीचा वाटतो.

आजी २००९ मध्ये गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. त्या काळात फोनवर बोलायचो, पण रेकॉर्ड कोण करतंय? म्हणून कॅसेट.

ट्रंकेतून ती निघाली तेव्हा मी आधी उजेडात धरून बघितली. मुंबईकडच्या कॅसेटींना पांढरी बुरशी येते तशी नव्हती. सोलापूरच्या कोरड्या हवेचे आभार! बुरशी असली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही, मशीन खराब होतं आणि पुढच्या कॅसेटींनाही लागण होते. एके ठिकाणी फीत चुरगळलेली मात्र होती, बोटभर. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

व्हीसीआर मिळवणं हा एक वेगळा लेख होईल. शेवटच्या उरलेल्या कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे आहेत ते जुनेच. सोलापुरातल्या एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे एक होता, आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. त्यांनी पट्टा बदलला, हेड अल्कोहोलने पुसलं आणि पैसे घेताना म्हणाले, "परत आणू नका, फेकून द्या." (नाही फेकणार.) व्हीसीआरच्या पिवळ्या-पांढऱ्या पिना एका यूएसबी कॅप्चरच्या काडीत, काडी लॅपटॉपमध्ये. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणली, वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या फितीचा ताण सारखा व्हावा म्हणून. आणि प्ले दाबलं.

आता गंमत सुरू.

काडीसोबत आलेल्या सॉफ्टवेअरने ८७ मिनिटांची एक एव्हीआय फाइल करून दिली. सुरुवातीला सगळं झकास. नारळ दगडावर आपटतो, त्याच क्षणी 'टक्'. शेवटी शेवटी मात्र आजी आधी ओठ हलवते आणि शब्द नंतर येतात. परदेशी सिनेमा मराठीत डब केल्यासारखी दिसायला लागली आजी. मावसभाऊ (आमचा दादा) म्हणाला, "सोपं आहे, आवाज थोडा जास्त वेगाने पळव, शेवटी जुळेल." इंटरनेटवरही पहिला सल्ला हाच मिळतो आणि एफएफएमपेगमध्ये तशी सोय आहे, वेग हजारातल्या एका भागानेही कमीजास्त करता येतो.

पण थांबा. आवाज हळूहळू मागे पडत गेला, की एकाच जागी घसरला? या दोन रोगांची औषधं वेगवेगळी आहेत. चित्र मोजणारं घड्याळ आणि आवाज मोजणारं घड्याळ यांत बारीक फरक असेल तर फरक थेंबाथेंबाने साचतो, आणि मग दादाचा उपाय बरोबर. एके ठिकाणी फ्रेमच गळल्या असतील तर तिथपर्यंत सगळं ठीक असतं आणि तिथून पुढे सगळं सारखंच चुकलेलं.

हे कळण्यासाठी चित्र आणि आवाज दोन्हींत एकाच क्षणी ठळकपणे घडलेल्या गोष्टी शोधायच्या. सिनेमावाले यासाठी क्लॅप देतात. आमच्याकडे सहाव्या मिनिटाला नारळ होता. एकतिसाव्या मिनिटाला एका पोराच्या हातून तांब्या पडतो, फरशीवर, ठण्णकन! (पोरगं आता इंजिनिअर आहे, लाजेल म्हणून नातं सांगत नाही.) आणि ऐंशीव्या मिनिटाला कुणीतरी डास मारायला टाळी वाजवतं. ऑडॅसिटीमध्ये आवाजाची लहर मोठी करून बघितली, चित्र एकेक फ्रेम पुढे सरकवलं. नारळ: फरक शून्य. तांब्या: शून्य. टाळी: १.२४ सेकंद उशीर.

म्हणजे घड्याळाचा दोष नाही. तो असता तर तांब्यालाही अर्ध्या सेकंदाच्या आसपास फरक दिसला असता. दादाचा उपाय केला असता तर टाळी जुळली असती आणि आतापर्यंत बरोबर असलेला तांब्या बिघडला असता. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. १.२४ सेकंद म्हणजे बरोब्बर ३१ फ्रेम. त्या ३१ फ्रेम तांब्या आणि टाळी यांच्यामध्ये कुठेतरी सांडल्या होत्या. कुठे, ते तुम्ही ओळखलंच असेल. अडतिसाव्या मिनिटाला, ती चुरगळलेली फीत.

व्हीसीआरकडून येणारा सिग्नल तिथे इतका विस्कटतो की काडीला चित्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं तेच कळत नाही, ती फ्रेम टाकून देते. आवाज मात्र येत राहतो. एव्हीआय हा जुना प्रकार, त्यात प्रत्येक फ्रेमवर वेळ लिहिलेली नसते. नुसत्या एकामागोमाग फ्रेम, आणि 'सेकंदाला २५ दाखव' अशी एक सूचना. ३१ सांडल्या तर मागच्या सगळ्या पुढे सरकतात, शाळेच्या रांगेतून ३१ पोरं पळाली की होतं तसं.

म्हणून ते सॉफ्टवेअर बंद केलं आणि लिनक्सवर एफएफएमपेगलाच थेट काडीवरून रेकॉर्ड करायला सांगितलं, मट्रोस्का प्रकारच्या फाइलमध्ये. (रशियन बाहुलीत बाहुली असते ना, त्यावरून हे नाव.) त्यात प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ असते. चित्रासाठी एफएफव्ही१ हा कोडेक घेतला, ज्यात काहीही फेकून दिलं जात नाही. अभिलेखागारवाले हाच वापरतात. दुसऱ्या वेळी फ्रेम गळल्या, त्याच जागी. पण आता फाइलमध्ये स्पष्ट दिसत होतं की इथे भोक आहे. पुढच्या पायरीला एफएफएमपेगला सांगितलं की २५ चा ठोका कायम ठेव, भोक असेल तिथे आधीचीच फ्रेम पुन्हा दाखव. चित्र सेकंदभर थिजतं आणि पुढे चालू लागतं. नारळ, तांब्या, टाळी, तिन्ही जुळले. रात्रीचा दीड वाजला होता, कुणाला सांगणार? स्वतःच एक टाळी वाजवून घेतली.

जाता जाता: एफएफएमपेग फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलं आणि नावातलं 'एफएफ' म्हणजे फास्ट फॉरवर्ड. बरेच नावाजलेले व्हिडिओ कन्व्हर्टर आत हेच वापरतात. तुम्हाला बटणं हवी असतील तर हँडब्रेक घ्या, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती नसेल तर थेट हे.

बाकीच्या दुखण्यांवर भराभर जाते. जुना टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत दाखवायचा, आधी एक आड एक रेषा, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. आजी ओवाळताना हात हलवते, तेव्हा लॅपटॉपवर ते दोन हप्ते एकदम दिसतात आणि हाताला कंगव्यासारखे दाते फुटतात. त्यासाठी बीडब्ल्यूडिफ नावाचा फिल्टर आहे. त्याला दर सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रं करायला सांगावीत, हालचाल खूप मऊ होते. आधी कुठल्या रेषा पहिल्या, ते मात्र तपासून घ्यावं. ते उलटं झालं तर आरतीचं ताट एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे जातं. फाइल ७२० बाय ५७६ ची पण दाखवायची ४:३ मध्ये, हे फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं, नाहीतर सगळे काका बारीक होतात. (काही मुळातच आहेत.) आणि चित्राच्या तळाशी चार-पाच रेषा फाटलेल्या दिसतात, तो व्हीएचएसचा स्वभाव आहे, त्यावर काळी पट्टी मारली की झालं.

आता मुख्य गोष्ट.

दोन्ही व्हीसीडींच्या पाकिटावर शूटिंगवाल्याने लिहिलेली मिनिटं मिळून ८३ होती. कॅसेटीत ८७. चार मिनिटं कुठली? पहिल्यांदा कॅसेट चालवली तेव्हाच कळलं. बावन्नाव्या मिनिटाला पंगत संपत आलीय, बायका आवराआवर करतायत, आणि लाइट जाते. २००६ म्हणजे भारनियमनाचं वर्ष, नवल काहीच नाही. हॅलोजन विझला, पंखा थांबला. कॅमेरा बॅटरीवर होता. शूटिंगवाल्याने तो बहुधा कशावर तरी ठेवला आणि बंद करायचा राहिला. पडदा काळाकुट्ट. आणि त्या काळ्यात माणसं बोलतायत. व्हीसीडी करताना ही चार मिनिटं त्याने कापली. त्याच्या जागी कुणीही कापली असती, काळा पडदा कोण बघणार?

आवाजात एक घरघर होती. बारीक, सगळीकडे, 'म्ऽऽऽ' अशी. मला वाटत होतं पंखा किंवा ट्यूबलाइटचा चोक असेल, मूळ शूटिंगमध्येच आलेला. ती घालवायला आवाज साफ करणारे फिल्टर आहेत, पण ते आवाजाचाही थोडा लचका तोडतात, माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा होतो. आजीच्या आवाजावर ते चालवायला हात धजेना. मग ऑडॅसिटीत काळ्या चार मिनिटांचा स्पेक्ट्रम काढला. ५० हर्ट्झला रेघ, १०० ला रेघ, १५० ला रेघ. विजेच्या तारांची सही.

बघत बसले. आणि लक्षात आलं, अरे, पण तेव्हा तर लाइट गेलेली होती! घरात वीज नाही, पंखा नाही, चोक नाही, मग ५० हर्ट्झ आला कुठून? कुंभारीतून नाही, २००६ मधून तर नाहीच. तो माझ्या टेबलावरून येत होता, आत्ता. व्हीसीआर एका प्लगमध्ये, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्यात, आणि दोघांना जोडणारी वायर: अर्थिंगचा वेढा. चार्जर काढला, लॅपटॉप बॅटरीवर ठेवला. घरघर गायब! कुठलाही फिल्टर नको. तिसऱ्यांदा अख्खी कॅसेट रेकॉर्ड केली आणि आता त्या फाइलमध्ये सगळ्यात स्वच्छ आवाज कुठला असेल तर तो काळ्या चार मिनिटांचा. पंखा बंद, माणसं दमलेली, हळू बोलतायत, आणि कॅमेऱ्याचा माइक आपोआप संवेदनशील होत गेलेला. आजीचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

आजी बोलतेय मराठीत, आणि तिच्याशी बोलणाऱ्या अक्का तेलुगूत. अक्का म्हणजे पूर्वभागातल्या जुन्या शेजारीण, त्यांनाही घरकुलात दोन दारं सोडून घर मिळालं होतं. सोलापूरच्या बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल, पण दोघी तीस वर्षं अशाच बोलायच्या, एक एका भाषेत, दुसरी दुसऱ्या. दोघींना सगळं कळायचं. आम्हाला मात्र अर्धंच. आजीचं वाक्य ऐकू येतं, "लाइट गेली तर गेली, घर कुठं जात न्हाई आता." मग अक्का काहीतरी लांबलचक म्हणतात. मग आजी, "लागल की. न्हाई लागली तर हाक मार, मी जागीच आसते." काय लागेल? कशासाठी हाक मारायची? मावशीला आठवेना, तिला तेलुगू कामापुरतंच येतं.

अक्का आहेत अजून, ऐंशीच्या घरात. ऐकू कमी येतं. म्हणून आवाज स्वच्छ असणं इतकं जरुरीचं होतं, घरघरीसकट त्यांना काही कळलं नसतं. दिवाळीनंतर मी लॅपटॉप आणि कानावर बसणारे मोठे हेडफोन घेऊन कुंभारीला गेले. मावशीने विचारलंच, "काय करलालीस गं सारखं त्या डब्यात?" अक्कांना खुर्चीवर बसवलं, हेडफोन लावला, पडदा काळाच. त्या आधी पडद्याकडे बघत राहिल्या. मग डोळे मिटले. मग एकदम मान हलवून हसायला लागल्या आणि मोठ्याने तेलुगूत उत्तर द्यायला लागल्या. आजीला! हेडफोन लावलेला माणूस मोठ्याने बोलतो तसं.

मग त्यांनी त्यांच्या सुनेला सांगितलं, सुनेने आम्हाला मराठीत. अक्का म्हणाल्या होत्या: इथं मागाचा आवाज नाही. तीस वर्षं रात्रभर माग वाजतोय शेजारी, त्याच्यावर झोपायची सवय. आता या शांततेत झोप कशी लागणार मला? आणि मग आजी, लागेल की.

पुढची दोन मिनिटं रॉकेलची आहेत. कंदील आहे पण रॉकेल जुन्या खोलीवर राहिलंय, ते आणायला आता कोण जाणार, यावर दोघींचा वाद. तोही आम्ही शब्दन् शब्द उतरवून घेतला.

अक्कांच्या वाक्यांना मराठी अक्षरं खाली दिसावीत म्हणून एक साधी सबटायटल फाइल केली. लॅपटॉपवर व्हीएलसीत नीट दिसली. दादाच्या टीव्हीवर नुसते चौकोन, टीव्हीकडे देवनागरीचा फाँटच नाही. आधीच्या एका टीव्हीवर तर वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटल्या होत्या. अशा वेळी टीव्हीच्या भरवशावर न राहता अक्षरं चित्रातच कायमची उमटवून टाकावीत. लिबास नावाची लायब्ररी ते करते आणि अक्षरजुळणी हार्फबझकडून करून घेते, त्यामुळे जोडाक्षरं न तुटता येतात. नोटोचा देवनागरी फाँट दिला, काम झालं. त्या चार मिनिटांत आता काळ्या पडद्यावर फक्त अक्कांची वाक्यं उमटतात आणि जातात.

शेवटचा अडथळा फोनचा. एक्स२६४ ने केलेली पहिली फाइल माझ्याकडे सगळीकडे चालत होती. दादाला पाठवली तर त्याच्या फोनवर पडदा काळा, नुसता आवाज. आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून मला विचारतो, "लाइट आलीच नाही का गं त्या दिवशी?" हसून हसून पुरेवाट. मूळ रेकॉर्डिंगमध्ये रंगांची माहिती ४:२:२ प्रमाणात आहे, एक्स२६४ ती तशीच पुढे नेतं, आणि फोनमधली चिप फक्त ४:२:० ओळखते. एक छोटी सूचना जोडली की झालं. अजून एक सूचना जोडावी, फाइलची अनुक्रमणिका शेवटी असते ती सुरुवातीला आणायची, म्हणजे अख्खी फाइल उतरायच्या आधीच चालू होते.

दादाचं म्हणणं होतं, घरच्यांना पाठवताना काळा भाग काढ, लोकांना वाटेल फाइल खराब आहे. बरोबर आहे त्याचं, तसं एकदोघांना वाटलंही. म्हणून दोन फाइली केल्यात, ८३ मिनिटांची आणि ८७ मिनिटांची. ग्रुपवर गेली ती ८३ ची.

मावशीने टीव्हीवर पूर्ण व्हिडिओ एकदा बघितला, स्वतःची जुनी साडी ओळखली, काकांना बघून थोडी रडली. ती अजून विड्या वळते, पूर्वीसारख्या दिवसाला हजार नाही, बसवतं तेवढ्या. तिची नजर सुपातच असते, व्हिडिओ बघायला तिला सवड नाही. दुसऱ्या दिवशी तिने फोन पुढे केला आणि म्हणाली, "ते लाइट गेल्यालं तेवढं टाक की ह्यात." नुसता आवाज काढून दिला, चार मिनिटं दहा सेकंद, चार एमबी. सूप मांडीवर, फोन शेजारी पाटावर, असं लावून ठेवते.

मूळ फाइल ४१ जीबीची आहे. एक प्रत माझ्याकडे, एक कुंभारीत दादाच्या कपाटात. कुणा नातेवाइकाला ती हवी असेल तर येताना ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणा. आणि कृपा करून तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला नको, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.